जुन्या पेठेतली भिंत : आधी पाणी, मग चुना

(या भागाचं हे लिखित रूप. बोलताना आलेल्या पुनरुक्ती तेवढ्या काढल्या आहेत, भाषा बोलण्यातलीच ठेवली आहे.)

पावसाळा ओसरायला लागला की मला एकाच तऱ्हेचे फोटो यायला लागतात. बाजारपेठेतलं जुनं दुकान. खाली काळ्या दगडाचं जोतं, वर विटांची भिंत, त्याच्यावर लाकडी सज्जा किंवा सज्जाचं जे काय उरलंय ते. आणि फोटोच्या मधोमध भिंतीचा एक मोठा पोपडा. सिमेंटचा गिलावा ढालीसारखा सुटून पुढं आलेला आणि त्याच्यामागची वीट अक्षरशः पीठ झालेली. खाली प्रश्न ठरलेला : "सर, पाडायचं की ठेवायचं?"

गाव जुन्नर असो, वाई असो, नाहीतर खानदेशातलं चोपडा असो, प्रश्न बदलत नाही. त्याच्यामागची माणसंही फारशी बदलत नाहीत. तीन भावांची वाटणी व्हायचीय, खाली पन्नास वर्षांचा भाडेकरू आहे, नगरपरिषदेची नोटीस येऊन पडलीय, आणि समोर कॉम्प्लेक्स बांधणारा रोज चहाला येऊन बसतोय. म्हणजे प्रश्न भिंतीचा दिसतो, पण त्याच्यावर घराची पोटपूजा अवलंबून असते. म्हणून आज या भिंतीबद्दल जरा सविस्तर बोलू.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. मी पाहिलेल्या अशा भिंतींपैकी बऱ्याचशा म्हातारपणानं आजारी पडलेल्या नव्हत्या. त्यांना दुरुस्ती बाधली होती.

आता ही भिंत आतून कशी असते ते बघा. जोत्यापासून पुरुषभर उंचीपर्यंत दगड, तोही बहुतेक काळा पाषाण, कारण आपल्या देशावर जमीन खणली की तोच लागतो. ही दगडी भिंत एकसंध नसते. तिला दोन अंगं असतात. रस्त्याकडचं अंग घडीव, नीट थरात बसवलेलं. आतलं अंग ओबडधोबड. दोन्हींच्या मध्ये भर, म्हणजे दगडाच्या कपच्या, माती, चुना, जे हाताशी असेल ते. आणि चांगल्या गवंड्यानं बांधली असेल तर मधूनमधून या अंगापासून त्या अंगापर्यंत आरपार जाणारे लांब दगड. हे आरपार दगड लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

दगडाच्या वर वीट. फार जुन्या इमारतीत पातळ, चपट्या विटा, इंग्रजी अमलाच्या शेवटी-शेवटी बांधलेल्या दुकानांत आजच्या मापाच्या जवळपास जाणाऱ्या. आणि या सगळ्याला धरून ठेवणारा चुना. चुना, वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी. हे मिश्रण घाणीत मळायचे. गोल दगडी चर, त्यात फिरणारं दगडी चाक, चाकाला बैल. पुष्कळ गावांबाहेर अशी घाणी अजून दिसते. चाक मात्र कुणीतरी उचलून रिसॉर्टच्या बागेत नेऊन ठेवलेलं असतं.

चुन्याचा गुण असा की तो सिमेंटसारखा कडक होत नाही. चुनखडी साधारण ९०० अंशांना भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, उरतो तो कळीचा चुना. त्यात पाणी घातलं की तो उकळतो, फुलतो, विरतो. भिंतीत गेल्यावर तो हवेतला कार्बन डायऑक्साइड परत घेतो आणि हळूहळू पुन्हा चुनखडी होतो. हे काम महिनोन्‌महिने चालतं, जाड भिंतीच्या पोटात तर वर्षानुवर्षं. इतकी वर्षं तो थोडा मऊ, थोडा लवचीक राहतो. इमारत जरा हलली, बसली, तर दरजेत केसाएवढ्या चिरा पडतात, आणि पावसाचं पाणी थोडा चुना विरघळवून त्याच चिरांत पुन्हा बसवतं. बारीक चिरा आपोआप बुजतात त्या अशा.

आणि दुसरा गुण, जो जास्त महत्त्वाचा. चुन्यातून वाफ बाहेर पडू शकते. भिंतीत पाणी शिरणारच. वरून कौलांतून, खालून जमिनीतून, बाहेरून पावसाच्या झडीतून. जुन्या गवंड्यानं पाणी अडवायचा हट्ट धरलाच नव्हता. आत आलेलं पाणी ऊन पडल्यावर बाहेर जाईल एवढी सोय त्यानं केली होती, आणि ती सोय म्हणजे दरज. पाणी दरजेतून सुकतं. पाण्याबरोबर आलेले क्षारही दरजेतच साचतात. म्हणून झिजते तीही दरजच. दोन पिढ्यांनी ती कोरून काढायची, नवा चुना भरायचा, वीट आणि दगड शाबूत. घराला धोतर बदलावं तसं.

आता यात सिमेंट आलं. आपल्याकडे पोरबंदरला १९१४ मध्ये सिमेंट निघायला लागलं, पण छोट्या गावच्या पेठेत ते लगेच पोचलं नाही. ज्यांना आठवत असेल त्यांना आठवेल, सिमेंटला परमिट लागायचं. सरकारी नियंत्रण अंशतः उठलं १९८२ मध्ये आणि पूर्ण उठलं १९८९ मध्ये. माझा अंदाज असा की आपल्या पेठांवर सिमेंटचा थर चढला तो मुख्यतः त्यानंतर. हातात पोतं आलं, पोतं म्हणजे मजबुती अशी जाहिरातीनं समजूत करून दिली, आणि मुलानं बापाच्या दुकानाला मोठ्या प्रेमानं सिमेंटचा गिलावा केला. त्यात कुणाची बदमाशी नव्हती. पण त्या गिलाव्याखाली काय झालं ते बघा.

पाणी आत येतंच आहे. छतातून येतंय, जमिनीतून येतंय. बाहेर जायची वाट मात्र बंद. ओल वर चढते, पूर्वी फूटभर असलेली ओल आता छातीपर्यंत येते, कारण तिला सुकायला जागा शोधावी लागते. गिलाव्याच्या मागे क्षारांचे खडे तयार होतात. आपण म्हणतो भिंतीला लोणा लागला. क्षाराचा खडा होताना तो फुगतो, आणि तो फुगतो विटेच्या बारीक छिद्रांत. वीट आतून फुटते. एक दिवस गिलावा सुटतो, सुटताना विटेचं तोंड घेऊन जातो. जी वीट भट्टीत भाजताना बाहेरून कडक झालेली असते, तिचं ते कडक कातडंच गेलं. आतली मऊ वीट उघडी. मग मालक काय करतो? अजून एक थर सिमेंट, या वेळी वॉटरप्रूफिंगचं औषध घालून. दोन पावसाळ्यांत तोच पोपडा, जास्त खोल.

नुसत्या दरजा सिमेंटनं भरल्या तरी गोष्ट तीच. दरज कडक, वीट मऊ. पाणी आता विटेतून सुकतं, म्हणून क्षार विटेत साचतात. वीट झिजून आत जाते आणि सिमेंटची दरज जाळीसारखी बाहेर उभी राहते. तुमच्या पेठेत अशी जाळी दिसली तर समजून जा.

इथे दगडादगडांत फरक करायला हवा, कारण लोक एकाचा नियम दुसऱ्याला लावतात. काळा पाषाण स्वतः पाणी फारसं पीत नाही, त्यामुळे सिमेंटनं त्याचं तोंड सहसा जात नाही. बाहेरून भिंत झकास दिसते. पण पाणी मधल्या भरीत साठून राहतं, माती-चुना धुपून खाली बसतो, आत पोकळी होते आणि एक दिवस भिंतीला पोट सुटतं. हे जास्त धोकादायक, कारण दिसतं उशिरा. कोकणातला जांभा याच्या उलट. तो टिपकागदासारखा पाणी ओढतो आणि तसंच सोडतो. खाणीतून काढताना मऊ असतो, हवेत कडक होतो. त्याला सिमेंटचा गिलावा म्हणजे पावसाळ्यात रेनकोटच्या आत ओला सदरा. वीट या दोघांच्या मध्ये.

बरं, मग दुरुस्ती कुठून सुरू करायची? लोकांना वाटतं मी लगेच चुन्याची कृती सांगेन. नाही. आधी पाणी. छपरावर चढा. फुटकी कौलं, सरकलेली कौलं, गंजलेली पन्हळ, पन्हळीत साचलेला पाचोळा, आणि पाचोळ्यात उगवलेला पिंपळ. दोन इमारतींच्या मध्ये जी पन्हळ असते ती दोघांची म्हणून कुणीच साफ करत नाही. माझ्या पाहण्यात पेठेतल्या निम्म्या ओलीचं मूळ त्या सामाईक पन्हळीत असतं. हा आकडा मोजून काढलेला नाही, पण कुठल्याही गवंड्याला विचारा.

पिंपळ छोटा असेल तर मुळासकट काढा. मोठा झाला असेल तर उपटू नका. त्याचं मूळ आता भिंतीचा भाग झालेलं असतं, उपटलं तर दगड घेऊन येईल. फांद्या कापा, खोड कापून मूळ मारा, ते वाळू द्या. मूळ कुजून जी पोकळी राहील ती नंतर चुन्याच्या पातळ राळ्यानं भरायची.

मग खाली बघा. तुमच्या दुकानाला पूर्वी तीन पायऱ्या होत्या, आता एक आहे. पायऱ्या कुणी नेल्या नाहीत. रस्ता वर आला. दर खेपेला जुना थर न खरवडता वर नवा डांबराचा थर, मग काँक्रीट, मग पेव्हर ब्लॉक. जोतं रस्त्यात बुडालं, पावसाचं पाणी दुकानाकडे वळलं. त्यातून भिंतीच्या पायथ्याशी गटारापर्यंत काँक्रीट ओतलेलं. पूर्वी तिथल्या मातीतून, दगडी फरशीच्या सांध्यांतून जी ओल उडून जायची, ती आता भिंतीत चढते. तुम्ही रस्ता खाली नेऊ शकत नाही. पण भिंतीलगत वीतभर रुंदीची पट्टी फोडून तिथं खडी भरून पाणी गटाराकडे वळवू शकता. एवढ्या एका कामानं भिंत कोरडी व्हायला लागलेली मी पाहिली आहे. पुढच्या वेळी रस्ता होणार असेल तेव्हा मात्र पेठेतल्या व्यापाऱ्यांनी एकत्र जाऊन "आधीचा थर खरवडा" एवढी एकच मागणी करावी. गणपतीची वर्गणी जमते तर हेही जमेल.

छप्पर झालं, पायथा झाला. आता थांबायचं. हे लोकांना सगळ्यात अवघड जातं. दोन फुटी भिंत एका महिन्यात वाळत नाही. सुटलेला सिमेंटचा गिलावा काढून टाका आणि भिंतीला एक हिवाळा-उन्हाळा उघडी राहू द्या. उघडी भिंत दुकानाला शोभत नाही, गिऱ्हाईक विचारतं, हे मला मान्य आहे. पण ओल्या भिंतीवर केलेलं कुठलंही काम पैसे पाण्यात टाकण्यासारखं. आणि एक, गिलावा ठोकून बघून काढा. पोकळ आवाज येतो तिथला काढायचा. जिथं तो विटेला घट्ट धरून बसलाय तिथं हट्टानं छिन्नी मारू नका, विटेचं तोंड निघेल. तिथलं नाइलाजानं ठेवायचं आणि लक्ष ठेवायचं.

या थांबण्याच्या काळात चिरा तपासायच्या. प्रत्येक चीर म्हणजे इमारत पडायला आली असं नसतं. चिरेवर आडवी काचेची पातळ पट्टी दोन्ही टोकांना चुन्यानं किंवा प्लास्टरनं चिकटवा, शेजारी पेन्सिलीनं तारीख लिहा. काच फुटली तर चीर चालू आहे. काळ्या मातीवरच्या गावांत एक गंमत दिसेल. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते, तिच्याबरोबर चीर मे महिन्यात उघडते आणि ऑगस्टमध्ये मिटते. अशी श्वास घेणारी चीर उन्हाळ्यात सिमेंटनं ठासून भरली तर पावसाळ्यात भिंतीला मिटायला जागाच राहत नाही, ती दुसरीकडे फुटते. म्हणून किमान एक पावसाळा आणि एक उन्हाळा बघितल्याशिवाय चिरेबद्दल मत देऊ नये. जो इंजिनिअर पाच मिनिटांत मत देतो त्याच्याकडून लेखी घ्या.

आता चुना. बाजारात तीन गोष्टी चुना म्हणून मिळतात. रंगाच्या दुकानातली पिशवी, बांधकामाची हायड्रेटेड लाइमची पोती, आणि कळीचा चुना. पिशवी विसरा. पोतं ताजं असेल तर चालतं, पण ते वर्षभर गोदामात पडून असेल तर त्यानं तिथेच हवा पिऊन घेतलेली असते, त्यात जीव राहत नाही. सगळ्यात चांगला कळीचा चुना, स्वतः विरवलेला. लोखंडी ड्रममध्ये आधी पाणी घ्यायचं, मग त्यात चुना थोडाथोडा टाकायचा. उलट करू नका, आणि प्लॅस्टिकचं पिंप घेऊ नका, ते वितळतं. ड्रम उकळतो, शिंतोडे उडतात. डोळ्यांवर चष्मा लागतोच. चुन्याचा शिंतोडा डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, यात मी कुणाचीही टिंगल सहन करत नाही. पोरांना लांब ठेवा. विरलेला चुना चाळून पाण्याखाली झाकून ठेवायचा. जितका मुरेल तितका लोण्यासारखा होतो. दोन-तीन महिने मिळाले तर उत्तम.

दरज भरायची ती अशी. जुनी सैल दरज हातछिन्नीनं कोरून काढायची, दरजेच्या रुंदीच्या किमान दुप्पट खोल. ग्राइंडर लावायचा नाही. ग्राइंडर सरळ रेषेत जातो, जुनी वीट सरळ रेषेत नसते, कडा कापल्या जातात आणि त्या परत येत नाहीत. मग ब्रशनं झाडायचं, पाणी मारायचं. कोरड्या विटेत चुना भरला तर वीट त्याचं पाणी ओढून घेते आणि चुना नुसती पावडर होऊन गळतो. मिश्रण साधारण एक भाग मुरलेला चुना, तीन भाग वाळू. वाळू खरखरीत, लहानमोठ्या दाण्यांची, धुतलेली. ओलसर जागी वाळूतला काही भाग काढून सुरखी, ती पाण्यातही चुन्याला धरून ठेवते. सुरखी कमी भाजलेल्या विटेची घ्या, खंगर विटेची नको. दरज विटेच्या कडेपेक्षा किंचित आत ठेवायची, विटेच्या तोंडावर लिंपायची नाही. नंतर ओलं गोणपाट लावून दहा-पंधरा दिवस दमट ठेवायचं. पाण्याचा पाइप धरून झोडपायचं नाही, चुना धुऊन जाईल.

भिंतीला पोकळी असेल तर चुन्याचा पातळ राळा भोकातून सोडायचा. खालच्या थरापासून वर, थोडा-थोडा, नुसत्या उताराच्या दाबानं. पंपानं दाब दिला तर फुगलेलं पोट फुटेल.

इथे मला हमखास विचारतात : गूळ किती घालायचा? बेलफळ? उडदाची डाळ? मेथी? प्रत्येक वाड्याच्या मालकाच्या पणजोबांनी भिंतीत गूळ आणि डाळ घातलेली असते. काही ठिकाणी तर ऐकून वाटावं की भिंत बांधली की पुरणपोळी केली. चुन्यात गूळ, बेल, हिरडा असे पदार्थ घालायची पद्धत खरी आहे, त्यानं चुना कामाला मऊ होतो, पाण्याला थोडा दाद देत नाही. पण प्रमाण फार कमी असतं, आणि ते गावागणिक बदलतं. चुना नीट मुरला नाही, मळला नाही, वाळू घाण असली, तर गुळाची ढेप ओतून काही होत नाही. मुंग्या मात्र येतात. आधी साधी गोष्ट नीट करा.

गवंडी मिळत नाहीत, ही दुसरी तक्रार. चुन्यात काम केलेली माणसं कमी राहिलीत हे खरं. पण ज्याचा हात चांगला आहे, ओळंबा ज्याला कळतो, तो सिमेंटचा गवंडी एका हंगामात चुना शिकतो. त्याची अडचण वेगळी असते. सिमेंटमध्ये तो सकाळी लावून संध्याकाळी निघून जातो, चुन्यात त्याला दुसऱ्या दिवशी परत येऊन दरज दाबावी लागते. म्हणून त्याच्याशी चौरस फुटाचा भाव ठरवू नका, रोज द्या. चौरस फुटावर काम घेणारा माणूस घाई करणार, त्यात त्याचा दोष नाही. खर्चात माल थोडा असतो, मजुरीच जास्त असते. आणि पहिली दरज मागच्या बाजूला, बोळातल्या भिंतीवर भरून बघा. दर्शनी भिंत शेवटी.

आता भीतीबद्दल बोलू, कारण भीती खरी आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांनी पाहिली, त्यांना दगडी भिंतीवर विश्वास ठेवा असं सांगताना मी जपून बोलतो. हजारो माणसं दगडाखाली गेली. पण त्या भिंती कशा होत्या? मातीत बांधलेल्या, दोन अंगांना जोडणारे आरपार दगड नसलेल्या, आणि डोक्यावर मातीच्या माळवदाचं प्रचंड ओझं. हादरा बसल्यावर दोन अंगं एकमेकांपासून सुटली. त्याच वर्षी अशा कमकुवत बांधकामांसाठी भारतीय मानक आलं, आयएस १३८२८, त्यात साधारण दर दोन फूट उंचीला आणि आडव्यात चार फुटांच्या आत एक आरपार दगड हवा असं सांगितलं आहे. जुन्या भिंतीत असे दगड नसतील तर नंतरही घालता येतात. भिंतीत आरपार भोक पाडून, आकडा वळवलेली सळई घालून काँक्रीटनं भरायचं. हो, इथे मी काँक्रीट म्हणतोय. माझं सिमेंटशी वैर नाही. ते कुठं घालायचं याच्याशी आहे. भिंतीचं दोन्ही अंग बांधायला त्याची एक खुंटी चालते, पण भिंतीला सबंध त्याचं कातडं चढवायचं नाही.

भिंतीला पोट सुटलंय आणि ते वाढतंय, कोपऱ्यावर दोन भिंती एकमेकींपासून सुटल्यात, तुळईचं टोक भिंतीत कुजलंय, रोलिंग शटरसाठी खालचा खांब किंवा कमान तोडून वरचा भार लोंबकळत ठेवलाय, यातलं काहीही दिसलं तर माझं बोलणं ऐकत बसू नका. दुकान रिकामं करा, टेकू द्या, आणि जुन्या बांधकामाचा अनुभव असलेल्या माणसाला बोलवा. शटरचं विशेष सांगतो. पूर्वी दुकानाला लाकडी फळ्या असायच्या, एकेक सरकवून काढायच्या. शटर आलं तेव्हा रुंदी हवी म्हणून कित्येकांनी मधला खांब काढला. पेठेतल्या खऱ्या धोक्यांपैकी हा एक, आणि तो चुन्यानं बरा होत नाही.

नोटीस आली तर ती नीट वाचा. आपल्या राज्यात इमारतींची वर्गवारी असते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडायची. सी-२ ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती. सी-२ बी म्हणजे राहून दुरुस्ती. सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्ती. 'धोकादायक' हा एकच शब्द ऐकून लोक हातपाय गाळतात, आणि काहींना तो शब्द हवाच असतो. स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या, पण विचारा की चाचणी कुठली लावणार. रिबाउंड हॅमर घेऊन कुणी चुन्याच्या भिंतीवर ठोकत असेल, तर ती चाचणी काँक्रीटसाठी आहे. चुन्याची भिंत त्या परीक्षेत नापासच होणार. भिंतीची जाडी, आरपार दगड, ओळंब्यातून किती बाहेर गेली, आत पोकळी कुठं आहे, हे लिहिलेलं असेल तो खरा अहवाल.

आणि खर्च कुणी करायचा? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यात दुरुस्तीची जबाबदारी मालकावर आहे. त्यानं नाही केली तर भाडेकरू किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः करू शकतो आणि भाड्यातून वळती करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. आता पेठेतलं जुनं भाडं धरा महिना १५० रुपये. वर्षाचे १८००. चौथा हिस्सा ४५०. एवढ्यात गवंड्याचा एक पूर्ण रोजही निघणं मुश्कील. म्हणून मालक म्हणतो मी का करू, मला काय मिळतं? भाडेकरू म्हणतो मी का करू, माझं काय आहे? आणि मधल्या काळात पाणी आपलं काम करत राहतं. मी पाहिलेली जी दुकानं वाचली, तिथं दोघांनी कायदा बाजूला ठेवून कागदावर लिहून घेतलं होतं : छप्पर आणि भिंत मालकाची, पायथा, पन्हळ आणि आतला गिलावा भाडेकरूचा, आणि दुरुस्तीच्या काळात ताबा गेला असं कुणी म्हणायचं नाही. या शेवटच्या ओळीवरच सगळं अडलेलं असतं. वकिलाकडून नीट लिहून घ्या.

शेवटचा प्रश्न, दुकान चालू ठेवून हे होतं का? होतं. एका वेळी एक खण घ्यायचा. धूळ ओली करून खाली पाडायची, माल ताडपत्रीखाली. ग्राइंडर नसल्यामुळे आवाजही फार नसतो. दिवाळीच्या आधी मात्र सुरू करू नका, धंद्याचे दिवस असतात आणि परतीचा पाऊसही असतो. दिवाळी झाली की हवा कोरडी आणि गार, होळीपर्यंत चुन्याला तेच दिवस मानवतात. ज्यांची भिंत आधीच उघडी करून वाळलेली आहे, त्यांनी कळीचा चुना आत्ताच आणून विरवून ठेवा. ड्रमवर झाकण, वर चार बोटं पाणी, आणि झाकणावर तारीख. बाकीच्यांनी उद्या सकाळी शिडी लावून तेवढी पन्हळ साफ करून घ्या.